कॉम्प्रेशनलेस ब्रेक आउटर म्हणून गिअरचा आउटर: साताऱ्यात ४,२५० रुपयांना फसवलं

साताऱ्यात माउंटन बाइकच्या ब्रेक केबल आणि आउटर (वरची नळी, जिच्यातून इनर म्हणजे आतली ओढायची तार सरकते) बदलून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. ४,२५० रुपये घेऊन 'अपग्रेड' म्हणून जे बसवलं, ते ब्रेकचं सामानच नव्हतं. गिअरचा आउटर ब्रेकला लावला होता. यवतेश्वर घाट उतरताना मागचा आउटर वळणावर फुटला आणि लिव्हर थेट ग्रिपला टेकला. पुढचा आउटर लांबीला कमी आणि त्याला वळणंही कमी, म्हणून तो तेवढा टिकला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हिशोब असा: कॉम्प्रेशनलेस (म्हणजे दाबाखाली न आखडणारा) ब्रेक आउटर, पुढचा-मागचा सेट, २,३५०. पॉलिश्ड स्टेनलेस इनर दोन, प्रत्येकी ३८०, म्हणजे ७६०. आउटरच्या टोकांना बसणाऱ्या धातूच्या टोप्या आणि इनरच्या टोकाच्या कॅप २४०. मजुरी ६००. 'डिस्क सेटिंग' ३००. पैसे यूपीआयने गेले आणि हातात आलेल्या बिलावर एकच ओळ होती, 'ब्रेक केबल काम'. नंतर सगळं उघडलं तेव्हा निघालं ते असं: बिनछापाचा गिअर आउटर, मीटरला साठ-सत्तर रुपयांचा. जस्त चढवलेल्या साध्या इनर, चाळीस-चाळीस रुपयांच्या. टोप्या प्लास्टिकच्या. सगळा माल तीनशे रुपयांच्या आसपासचा.

आता 'बघून घ्यायचं ना' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सांगतो, ही फसवणूक काहीच न कळणाऱ्यासाठी नाही. ज्याला थोडं कळतं त्यालाच ती बरोबर लागू पडते. कशी, ते समजून घ्या.

साध्या ब्रेक आउटरमध्ये चपटी पोलादी पट्टी गोल-गोल गुंडाळलेली असते, आत सरकण्यासाठी प्लास्टिकची नळी, वर प्लास्टिकचं आवरण. बाहेरून जाडी ५ मिमी. ही गुंडाळी मजबूत असते, फुटत नाही, पण जोरात ब्रेक दाबला की तिचे वेटोळे एकमेकांवर दाबले जातात आणि आउटर किंचित आखडतो. तेवढी ओढ वाया जाते. पुढच्या चाकाला ते जाणवत नाही. मागच्या चाकाला आउटर सलग दीड मीटरच्या आसपास असतो, तिथे लिव्हर मऊ लागतो. केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला हा मऊपणा फारच नडतो.

गिअरच्या आउटरमध्ये तारा गुंडाळलेल्या नसतात, लांबीच्या दिशेने सरळ उभ्या असतात. त्यामुळे तो आखडत नाही आणि गिअर नेमका पडतो. पण त्या सरळ तारांना एकत्र धरून ठेवतं ते फक्त वरचं पातळ प्लास्टिक. गिअर बदलायला जेवढी ओढ लागते तेवढी ते सोसतं. ब्रेकची ओढ कितीतरी जास्त असते. घाटात पूर्ण हाताने लिव्हर ओढला की तारा टोपीतून बाहेर घुसतात किंवा वळणावर प्लास्टिक फाडून झाडूच्या काड्यांसारख्या फाकतात. आउटर एका क्षणात आखूड होतो, इनर ढिली पडते, ब्रेक संपला. हळूहळू कमी होत नाही, आधी सूचना मिळत नाही.

आणि कॉम्प्रेशनलेस ब्रेक आउटर? त्यातही तारा सरळच असतात! फरक एवढाच की त्या तारांवर केव्हलरसारख्या चिवट धाग्याची जाळी विणलेली असते आणि तीच सगळा ताण धरते. म्हणजे कापलेल्या टोकाला सरळ तारा दिसल्या, तर तो माल खराही असू शकतो आणि गिअरचाही. जाडीवरूनही खात्री होत नाही. गिअरचा आउटर बहुतेक ४ मिमीचा असतो, पण ५ मिमीचाही मिळतो. नेमका तोच वापरला होता. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला असता तरी त्याने ५ मिमीच दाखवलं असतं.

खात्री होते ती दोन गोष्टींनी. एक, आउटरवरचा छाप. शिमानोच्या गिअर आउटरवर एसपी४१ वगैरे छापलेलं असतं, ब्रेकच्या आउटरवर एम-सिस्टम. जॅगवायर कंपनीच्या मालात सीजीएक्स म्हणजे गुंडाळीचा ब्रेक आउटर, एलईएक्स म्हणजे गिअरचा, आणि केईबी म्हणजे कॉम्प्रेशनलेस ब्रेकचा. छाप नसलेला आउटर ब्रेकला लावूच देऊ नका, दुकानदार कितीही जुना ओळखीचा असला तरी. दोन, कापून उरलेला तुकडा. ब्लेडने वरचं प्लास्टिक सोला. जाळी दिसली तर माल खरा.

तो तुकडा तिथेच मागितला होता. इथेच सगळं कळायला हवं होतं, आणि हीच गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. सेटचे पूर्ण २,३५० घेतले. सेटमध्ये आउटर लागतो त्यापेक्षा जास्तच येतो, तर उरलेला भाग गिऱ्हाइकाचा. 'कचऱ्यात गेला' असं उत्तर मिळालं. पाकीट? 'तेही गेलं.' जुने आउटर आणि इनर? 'भंगारवाला घेऊन गेला.' एकाच कामातल्या तीन वस्तू एकदम नाहीशा होतात तेव्हा त्यात योगायोग नसतो. सायकल मात्र समोर तयार उभी, दोन्ही टोकं टोप्यांमध्ये बंद, टोप्या लिव्हरच्या आणि कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) खाचेत बसलेल्या. वर काळा रंग असल्यामुळे टोपी धातूची की प्लास्टिकची ते दिसत नाही. नखाने टकटक केलं तर आवाजावरून कळतं, पण ते कुणी करत नाही.

शिवाय लिव्हर घट्ट लागत होता. अगदी कडक, नव्या ब्रेकचा लागावा तसा. ते कसं केलं होतं ते नंतर उघडकीला आलं. या डिस्क ब्रेकमध्ये एक पॅड स्थिर असतो आणि दुसरा हलतो. स्थिर पॅड आतल्या स्क्रूने डिस्कच्या जवळ आणायचा, कॅलिपरची भुजा (जिला इनर बांधतात ती) पूर्ण मोकळ्या जागेवर असताना इनर आवळायची, बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) पूर्ण आत फिरवून मग एखाद-दोन आटे बाहेर ठेवायचा. हे बरोबर काम. इथे भुजा आधीच अर्धी ओढून इनर ताणून बांधली होती. त्यामुळे लिव्हर दुकानात कडक लागतो, पण भुजेची पुढची चाल उरत नाही, आणि पॅड थोडे झिजले की भुजा शेवटाला जाऊन अडते. या कामाचे ३०० रुपये 'डिस्क सेटिंग' म्हणून लावले. भुजा मोकळ्या स्थितीत कुठे उभी आहे ते सायकल घेताना वाकून बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

इनरचंही तसंच. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका. ओढून काढलेल्या स्टेनलेस तारेलाही चुंबक चिकटतो, आणि हे दाखवून दुकानदार वाटेल ते पटवू शकतो. नख आडवं फिरवा. पॉलिश्ड इनरवर पिळाचे खाचे जवळजवळ लागत नाहीत, साध्या इनरवर नख खरखरतं. जस्ताची तार मळकट राखाडी दिसते. आपल्याकडचा पाऊस आणि कासच्या वाटेवरचा लाल चिखल तिला फार दिवस टिकू देत नाही, आधी पांढरी भुकटी येते, मग गंज. ब्रेकची इनर दीड ते १.६ मिमी जाडीची हवी आणि माउंटन बाइकच्या लिव्हरसाठी तिचं डोकं पिंपाच्या आकाराचं. गिअरची १.१-१.२ मिमीची इनर ब्रेकला कुणी लावली असेल तर सायकल तिथेच ठेवा.

एवढ्यावर थांबले नाहीत. इनर सरकत नव्हती म्हणून आउटरमध्ये गंज सोडवायचा स्प्रे मारला होता. आतली प्लास्टिकची नळी मुळातच गुळगुळीत असते, तिला स्प्रे लागत नाही. सरकत नव्हती कारण आउटर कापल्यावर चेपलेलं नळीचं तोंड उघडलंच नव्हतं. कटरने कापा, टोक कानशीने सपाट करा, दाभणाने नळीचं तोंड गोल करा, मग टोपी घाला. कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला हे सांगावं लागत नाही. तो स्प्रे मागच्या आउटरमधून उतरत कॅलिपरमध्ये गेला. पुढेही तेच. दोन्ही पॅड-जोड्या तेल पिऊन बसल्या, ४५० प्रमाणे ९०० रुपये. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाचते, तेल प्यालेले पॅड सहसा वाचत नाहीत. म्हणजे एकूण ५,१५०.

दुकानात परत गेल्यावर उत्तर काय? 'तुम्ही चालवून बघून, ओके म्हणून नेली.' फुटलेला आउटर समोर ठेवला तर 'हा आमचा नाहीच, तुम्ही मध्ये दुसरीकडे काम केलं असेल.' व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशोब दाखवला तर 'तो फक्त अंदाज होता.'

मग पोलीस ठाणं. तिथे पहिला प्रश्न, 'चार हजारांसाठी आलात?' दुसरं वाक्य, 'ही दिवाणी बाब आहे.' माल एक सांगून दुसरा बसवला, पैसे पहिल्याचे घेतले, त्यात माणूस मरू शकला असता, तरी दिवाणी! भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे. ते तोंडावर सांगितलं तर 'मग वकील आणा.' पैसे यूपीआयने दिले हे ऐकल्यावर 'सायबरला फोन करा' म्हणून १९३० चा नंबर. तो ऑनलाइन पैसे लुबाडले गेल्याची तक्रार घेण्यासाठी आहे, दुकानात उभं राहून दिलेल्या पैशांसाठी नाही, हे त्यांना माहीत नसेल असं मी मानत नाही. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात पाकीट मागितलं. पाकीट दिलंच नाही हीच तर तक्रार आहे, हे त्या टेबलावर कितीही वेळा सांगितलं तरी पुढे सरकत नव्हतं. 'पाकिटाशिवाय काही करता येत नाही.' म्हणजे पाकीट लपवणारा सुटला आणि मागणारा दोषी. कुणी फुटलेला आउटर हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. ब्रेक म्हणजे यांना सायकलचा शृंगार वाटतो. गाडीचा ब्रेक असा निघाला असता तर हेच लोक पंचनामा करायला धावले असते.

म्हणून तोंडी काही बोलू नका. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो. ग्राहक आयोगाची तक्रार वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घेऊन ठेवा. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत असायलाच हवी, तेव्हा पाकीट उघडण्याआधी फोटो काढा. बिलावर कंपनी, मॉडेल आणि आउटर किती मीटर, हे लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. जुने भाग पिशवीत घालून परत मागा. ते भंगारात जाणार असले तरी ते भंगार तुमचं आहे.

सायकल ताब्यात घेताना इनर जिथे बोल्टखाली आवळली आहे तिथे मार्करने खूण करा. सायकल उभी असताना दोन्ही हातांनी लिव्हर पूर्ण जोराने दहा वेळा दाबा. खूण सरकली तर बोल्ट ढिला आहे, शिमानो तिथे ६ ते ८ न्यूटन मीटर सांगते. दाबताना दुसऱ्या माणसाने आउटरच्या वळणांवर आणि टोप्यांवर नजर ठेवायची. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आउटर ताणला जाता कामा नये. मिस्त्री 'एवढं कशाला' म्हणाला तर म्हणू द्या.

गेल्या काही महिन्यांत साताऱ्यात कुणी 'कॉम्प्रेशनलेस' म्हणून आउटर टाकून घेतला असेल, तर सज्जनगडाकडे किंवा कासला जाण्याआधी मागच्या कॅलिपरजवळची टोपी काढा आणि टोकाचं अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोलून बघा. जाळी नसेल आणि नुसत्या सरळ तारा असतील तर ती सायकल उतारावर घालू नका. आउटर उतरवला तर टाकून देऊ नका. टोपीसकट पिशवीत बंद करा, वर तारीख लिहा, तक्रारीला तोच लागतो.