रत्नागिरीतलं ज्येष्ठांचं डे केअर: सासूबाईंना पाठवतोय, जसं आहे तसं सांगते

मारुती मंदिर भागात ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र आहे, नाव इथे टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि गाव केवढंसं, ज्यांना हवंय त्यांनी मेसेज करा. घरात डिमेन्शियाचं (हळूहळू वाढणारा विसरण्याचा आजार) माणूस असेल आणि अजून चालतं-फिरतं असेल तर बिनधास्त पाठवा, फक्त ते 'ब्रेन जिम'चं जास्तीचं पॅकेज गळ्यात मारतात ते घेऊ नका.

आता थोडं मागचं सांगते. सासूबाई झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, माहेर मालवणचं. २०२० च्या शिमग्यापर्यंत यांचा दिवस नुसता भरलेला, सकाळी मासेवालीशी भावावरून हुज्जत, दुपारी शेजारच्या पडवीत गप्पा, संध्याकाळी देवळात भजन, आणि पालखी दारात आली की नाचवणाऱ्या प्रत्येक पोराला तू कोणाचा रे म्हणून विचारणार. मग २५ मार्चपासून सगळं ठप्प. देऊळ बंद, भजन बंद, नातवंडं खोलीत मोबाईलवर शाळा करतायत, बाहेर जो दिसेल त्याच्या तोंडाला मास्क त्यामुळे ओळखीचा माणूस पण परका, त्यात यांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि समोरच्याचे ओठ बघून समजून घ्यायची सवय, ती पण गेली. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना क्वारंटाईन होतं, एवढी रजा कोणाला मिळणार, आमच्याकडचे कोणी आलेच नाहीत. तेव्हापासून रोज एकच, "मुंबयची माणसां कधी येतली गो?" सांगितलं की पाच मिनिटांनी परत तेच. आमटीत दोनदा मीठ, गॅस तसाच चालू. घरात सगळ्यांचं म्हणणं वय झालं, कंटाळल्यात, आणि तेव्हा साध्या तपासणीसाठी दवाखान्याची पायरी चढायची पण भीती.

निदान झालं ते थेट २०२२ मध्ये. डॉक्टरांनी आधी बी१२, थायरॉईड, कानाची तपासणी, मग स्कॅन असं सगळं करून घेतलं, कारण विसरभोळेपणाची काही कारणं औषधाने सुधारणारी असतात. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मला फार पटलं. आजार लॉकडाऊनने झालेला नाही, तो आतून आधीच चालू असणार, पण भोवतालची माणसं आणि ठरलेला दिवस यांनी तो झाकून ठेवला होता, भजनात पुढची ओळ शेजारची बाई उचलायची, मासेवाली स्वतःच हिशोब सांगायची. ते सगळं एका दिवसात काढून घेतलं आणि उघडं पडलं. शिवाय एकटेपणा, हालचाल कमी, उदासी, कमी ऐकू येणं हे सगळं डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहेच. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये अशा १४ गोष्टी दिल्यात आणि त्या आयुष्यभर सांभाळल्या तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या पुढच्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्यात साथीच्या पहिल्या वर्षात डोकं मंदावण्याचा वेग वाढलेला दिसला, ज्यांना कोविड झालाच नाही त्यांच्यात सुद्धा. म्हणजे नुसता विषाणूचा प्रश्न नव्हता, दार बंद असण्याचा पण होता.

असो, केंद्रावर येते. चालवतात त्या दोघी बहिणी, दोघी नर्स, कोविड वॉर्डात काम केलेल्या. त्या सांगतात की तिथे कितीतरी म्हातारी माणसं ताप नाही खोकला नाही, नुसती अचानक भ्रमिष्टासारखी वागायला लागली म्हणून आणलेली असायची, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायची, मुलाला ओळखायची नाहीत, नातेवाईक आत येऊ शकत नाहीत, भोवती सगळे पीपीई किटमधले. याला डिलिरियम म्हणतात. बरेच जण सावरले, पण ज्यांना आधीपासून विसरायचा त्रास होता त्यातले काही घरी गेले ते पहिल्यासारखे झालेच नाहीत. ते बघून यांनी हे सुरू केलं.

वेळ दहा ते साडेचार, महिन्याचे साडेसहा हजार, गाडीचे वेगळे. महाग वाटतं, पण दिवसभराची बाई घरी ठेवायची तर त्याच्यापेक्षा जास्त जातात आणि ती बाई बहुतेक वेळ सीरियल बघते हा आमचा अनुभव.

चांगलं काय, तर तिथे कामं देतात, खरी कामं. भिजवलेले वाल सोला, तांदूळ निवडा, मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसवतात, पंधरा-वीस म्हातारी माणसं लाल हात घेऊन बसलेली आणि गप्पांचा नुसता कल्ला. हात शिकलेला असतो तो विसरत नाही, सकाळी काय खाल्लं ते सासूबाईंना सांगता येत नाही पण वाल सोलायचा वेग माझ्या दुप्पट. आरत्या तर सगळ्या पाठ, मंत्रपुष्पांजलीपर्यंत. आणि यांना तिथे आजी कोणी म्हणत नाही, 'बाई' म्हणतात, रोज सकाळी फळ्यावर वार, तारीख, तिथी लिहायचं काम बाईंचं. कॅलेंडर बघून लिहितात, कधी चुकतं, कोणी टोकत नाही. घरी संध्याकाळ झाली की मला माझ्या घरी सोडा म्हणून जी चिडचिड व्हायची ती केंद्रात गेलेल्या दिवशी बरीच कमी असते. आजार मागे गेलाय असं अजिबात म्हणत नाही, तसं कोणी सांगत असेल तर त्या माणसापासून लांब राहा.

जेवण चांगलं. मऊ भात, पेज, बुधवार-शुक्रवार मासे काटे काढून. मीठ कमी असतं, त्यावरून रोज भांडणं होतात म्हणे, पण तेवढं चालायचंच.

आता ब्रेन जिम. म्हणजे काय तर एक टॅबलेट, त्यावर चित्र ओळखा. चित्रं कसली, तर बर्फातली गाडी, स्ट्रॉबेरी, उंच बिल्डिंगा. अहो, फणस दाखवा, होडी दाखवा, पाटा-वरवंटा दाखवा! सूचना इंग्रजीत, कान कमी असलेल्या माणसाला त्या बारीक आवाजात. महिन्याला हजार रुपये जास्त. आम्ही बंद केलं. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलचं पण हेच झालं होतं, सासूबाई मोबाईलच्या मागे वाकून बघायच्या, माणसं कुठे बसलीत म्हणून.

मोठी तक्रार फाटकाची. मध्यंतरी दुपारच्या वेळी सासूबाई बाहेर पडून थेट रस्त्यापर्यंत गेल्या, ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. डिमेन्शियात माणूस असं निघून जातं हे यांना माहीत नाही असं कसं म्हणायचं? भांडलो, तेव्हा कडी वर बसवली आणि घंटी लावली. तुम्ही पाठवणार असाल तर गळ्यात नाव-फोनचं कार्ड घालूनच पाठवा. दुसरं, दोनपैकी एकाच बाथरूमला धरायला दांडा आहे, दुसरं पावसाळ्यात निसरडं. तिसरं, शिमगा आणि गणपतीत स्टाफ गावी जातो आणि केंद्र बंद, नेमकं तेव्हाच घरात पाहुणे.

मी त्यांना विचारलं, परत कोविडसारखं काही आलं आणि सगळं बंद झालं तर? उत्तर आवडलं. प्रत्येक घराला एक ठरावीक मदतनीस वाटून दिलीय, ती एकटीच घरी येणार, चेहरा तोच राहणार, आणि फळ्याचं-निवडण्याचं काम घरी सुरू ठेवायचं कसं ते घरच्यांना आधीच शिकवून ठेवलंय. आता सुद्धा कोणाला खोकला असेल तर त्या दिवशी घेत नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हे नाही, सोय नाही. गाडी मिरकरवाड्याकडे येते, पावसच्या बाजूला येत नाही. पहिला आठवडा अर्ध्या पैशात ट्रायल देतात, मागून घ्या, स्वतःहून सांगत नाहीत. पाचात साडेतीन, फाटक आधीपासून नीट असतं तर चार दिले असते.