मिडलवेटची खरी ताकद बघायची असेल तर हायलाइट्स नको, पूर्ण फाइट लावा – सहा महिने वापरून लिहितोय

जुन्या बॉक्सिंग फाइट्सचं एक स्ट्रीमिंग सबस्क्रिप्शन घेतलं त्याला आता सहा महिने झाले. घेतलं ते एकाच कारणासाठी, मिडलवेट चॅम्पियन्समधे नुसत्या अंगच्या ताकदीत सगळ्यात दांडगा कोण हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पंचची ताकद म्हणत नाहीये मी, ती वेगळी. समोर १६० पौंडाचा, म्हणजे साडेबहात्तर किलोचा, आपल्याइतकाच कसलेला माणूस आहे, त्याला जागचा हलवायचा आणि आपण हलायचं नाही, ही ताकद.

तर आधी राग सांगतो. कुठलीही फाइट उघडली की पहिल्यांदा दहा-बारा मिनिटांचं हायलाइट्सच सुरू होतं आणि त्यात क्लिंच, म्हणजे दोघं एकमेकांना धरून अडकतात ते क्षण, सगळे कापून टाकलेत. अहो ताकद दिसते ती तिथेच ना! बर्नार्ड हॉपकिन्स आणि फेलिक्स ट्रिनिडाडची २००१ ची फाइट घ्या, हायलाइट्समधे वाटतं की बाराव्या राउंडला एक उजवा हात बसला आणि संपलं. पूर्ण लावली तेव्हा कळलं की ट्रिनिडाड, जो तोपर्यंत एकदाही हरला नव्हता, तो त्याच्या आधीच दमत आला होता. हॉपकिन्सची पद्धतच ती, जवळ आला की समोरच्याचा एक हात काखेत दाबायचा, डोकं त्याच्या खांद्याशी नेऊन टेकवायचं आणि सगळं वजन त्याच्यावर टाकून द्यायचं, म्हणजे त्याने स्वतःलाही उचलायचं आणि ह्यालाही. ३६ वर्षांचा होता तेव्हा, आणि २० वेळा टायटल राखलं ते काय नुसत्या पंचवर नाही.

पूर्ण फाइट शोधायला तीन ठिकाणी क्लिक करावं लागतं, पण एकदा सापडली की क्वालिटी खरंच चांगली आहे. ब्लॅक अँड व्हाइटवाल्या तर मला जास्त आवडल्या, कॅमेरा लांब असतो त्यामुळे दोघांचे पाय दिसतात. माझा सल्ला, एक राउंड आवाज बंद करून फक्त पाय बघा. कोणाची टाच मागे घसरतेय, कोण पाय रोवून उभाय, दोन मिनिटांत कळतं कोण कोणाला रेटतोय.

डिक टायगर आणि जीन फुलमर, १९६२. फुलमर म्हणजे रेडाच, डोकं खाली घालून आत घुसायचं आणि समोरच्याला दोरांपर्यंत लोटत न्यायचं हाच त्याचा खेळ, भल्याभल्यांना त्याने असं लोटलंय. आणि टायगर, उंचीने बुटका, छाती पिंपासारखी, तो मागे जातच नाही!! उलट फुलमरच मागे सरकायला लागतो, आणि त्याला मागे सरकताना बघायची सवयच नसते आपल्याला. मी तो भाग चारदा मागे घेऊन बघितला. १५ राउंड झाले, टायगर चॅम्पियन. नंतर दुसरी बरोबरीत सुटली आणि तिसरी १९६३ ला नायजेरियात इबादानला, तिथे फुलमर आठव्या राउंडला उठलाच नाही. ही तिसरी इथे नाहीये, फार वाईट वाटलं. पुढे हाच टायगर लाइट हेवीवेटला, म्हणजे वरच्या जड वजनगटात जाऊन १९६६ ला तिथलंही टायटल घेऊन आला, म्हणून माझं मत त्यालाच.

आता ताकद म्हणजे सगळं नाही हेही इथेच दिसतं. ह्याच फुलमरला १९५७ ला शुगर रे रॉबिन्सनने पाचव्या राउंडला एका लेफ्ट हुकवर झोपवला. तो हुक जवळून दाखवलाय, फुलमरला येताना दिसलाच नाही, मग मान कितीही जाड असून काय उपयोग.

हॅगलर-हर्न्स १९८५ ची प्रिंट एकदम स्वच्छ. आठ मिनिटांची फाइट, त्यामुळे हिला तरी कापलेलं नाही. हर्न्स चांगला सहा फुटाच्या वर, त्याचा उजवा हात हॅगलरला लागतो, कपाळातून रक्त येतंय आणि हा पुढेच येतोय. हर्न्सचा हात पहिल्याच राउंडला मोडला आणि पाय लटपटायला लागले, कारण हॅगलर त्याला श्वास घ्यायला लांब जाऊच देत नाही.

अजून एक कटकट, सर्चमधे मिडलवेट टाकलं की १५४ आणि १६८ पौंडांच्या शेजारच्या गटांतले सगळे एकत्र येतात. अरे ताकदीची तुलना करणाऱ्याला आठ पौंड म्हणजे केवढा फरक! त्यात पूर्वी वजन फाइटच्या दिवशीच व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं, म्हणजे रात्रीत खाऊनपिऊन माणूस कितीतरी किलो भरून रिंगमधे येतो. त्यामुळे अलीकडच्या काळातला चॅम्पियन गोलोव्किन आणि जुना टायगर दोघांच्या नावापुढे १६० लिहिलं असलं तरी ते १६० सारखे नाहीत, निदान वजन कधी झालं एवढं तरी फाइटखाली लिहायला हवं होतं.

पाचपैकी साडेतीन देतोय. कापलेला एक स्टार हायलाइट्सचा, अर्धा सर्चचा. रिन्यू केलंय मी, सत्तरच्या दशकातला मिडलवेट चॅम्पियन मॉन्झॉन, त्याच्या पूर्ण फाइट्स अजून बघायच्यात, दिसायला सडपातळ पण १४ वेळा टायटल राखलेला माणूस क्लिंचमधे काय करतो ते बघायचंय.