बदलापूर पश्चिमेतला नवा टू बीएचके : एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. घर पसंत आहे. हवा चांगली, खोल्या ऐसपैस, आणि या पैशात ठाण्याच्या पुढे, मुंबईच्या बाजूला, एका खोलीचं वन आरकेसुद्धा धड मिळत नाही. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये जे दाखवतात त्यात दोष फार क्वचित निघतो. तो निघतो पाण्याच्या टाकीत, पश्चिमेच्या भिंतीत, स्टेशनपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत आणि करारनाम्याच्या परिशिष्टांत. त्यामुळे टाईल्स कुठल्या कंपनीच्या, हे इथे सापडणार नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. बदलापूरला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, उल्हास नदीच्या बॅरेजवरून उचलून. नदी दारात असूनही इमारतीत टँकर दिसतात, याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. कारण साधं आहे. नव्या इमारती जुन्या जलवाहिन्यांच्या शेवटच्या टोकाला उभ्या राहतात, तिथे पोचेपर्यंत दाब संपलेला असतो. नळाला पाणी येतं का, हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर कायम 'येतं' असंच मिळतं. विचारायचं हे: जोडणी किती इंची आहे, कायमची आहे की बांधकामापुरती, आणि जमिनीखालच्या टाकीत दिवसाला किती लिटर पडतं.

हिशेब घरी करता येतो. माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी नियोजनाचं माप. चौघांच्या घराला 540 लिटर. 14 मजले, मजल्यावर 6 फ्लॅट म्हणजे 84 घरं, म्हणजे रोज साधारण 45,000 लिटर. लाईनमधून 25,000 आलं तर 20,000 ची तूट, म्हणजे दहा हजारी टँकर रोज दोन. टँकरचा दर 2,000 धरला तर महिन्याला 1,20,000, आणि प्रत्येक घरावर 1,400 च्या वर. बिल्डरने मेंटेनन्सचा आकडा सांगताना यातलं काहीही धरलेलं नसतं. बाजूच्या, राहती झालेल्या इमारतीच्या वॉचमनकडे टँकरच्या पावत्यांचं पुडकं असतं. ते एप्रिल-मे महिन्यात जाऊन बघा. जुलैत बघून उपयोग नाही, तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी असतं.

बोअरवेल असेल तर फ्लशची लाईन वेगळी आहे का ते पाहा. बोअरचं जड पाणी वरच्या टाकीत मिसळलं की काही महिन्यांत नळाच्या जाळ्या पांढऱ्या पडतात, गिझरच्या कॉइलवर थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं. पाण्यातले क्षार मोजणारा दोनशे-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात टाकून न्या. स्वयंपाकघरातला नळ आणि फ्लशची टाकी, दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर 'वेगळी लाईन' ब्रोशरमध्येच राहिली असं समजा.

आता पावसाळा. बदलापूर माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे, इथे पाऊस सरळ पडत नाही, नैर्ऋत्येकडून आडवा मारतो. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती महिनोन् महिने ओल्या राहतात. कोपऱ्यातल्या फ्लॅटला हवा जास्त म्हणून जादा पैसे घेतात, पण उघड्या भिंतीही त्यालाच दोन. गळती बहुतेक तीन जागांहून येते. पहिली, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, जिथे सिलिकॉनऐवजी पांढरं सिमेंट भरलेलं असतं. दुसरी, खिडकीखालच्या कडप्प्याचा उतार: तो बाहेर हवा, कित्येकदा आत असतो. तिसरी, बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात ती रेघ. दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या फुगतात, तिथे प्लास्टरला केसासारखी चीर पडते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. या सांध्यावर प्लास्टरच्या आधी जाळी मारायची असते. ती मारली का, हे काम चालू असतानाच दिसतं. नंतर कोणी सांगणार नाही.

सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक बोटाने चाचपून पाहा. बाहेरच्या बाजूला पाणी जायला लहान भोकं असतात. ती सिमेंटने बुजलेली असली की जोराच्या सरीत ट्रॅक भरतो आणि पाणी थेट गादीवर. पातळ पेचकसाने ती मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट करायचं झालं तर मागे दोन इंच जागा सोडा आणि प्लाय आयएस 710 चा, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय घ्या. आयएस 303 चा साधा व्यापारी प्लाय पाठीमागून बुरशीने काळा पडतो, आणि ते कळतं दिवाळीची साफसफाई काढल्यावर.

बाथरूमची परीक्षा ताबा घेण्याआधी. नहाणीचं तोंड बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरा आणि 48 तास ठेवा. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, विशेषतः पाईप जिथून उतरतो तो गोल भाग. ओल असते ती तिथेच. हे खालच्या फ्लॅटमध्ये कोणी राहायला येण्याआधी करणं सोपं. नंतर फॉल्स सीलिंग लागतं आणि दोन कुटुंबांत वर्षभर अबोला.

पुराचं वेगळं. 26 जुलै 2005 सर्वांना आठवते. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली तेव्हा नदी कुठवर येते ते पुन्हा दिसलं. पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली या बाजूला घर बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. वरच्या मजल्यावर घर असलं की पुराचं काय, असं विचारणाऱ्यांनी एवढंच बघावं: मीटरची खोली, पंप, जनरेटर आणि जमिनीखालची टाकी कुठे आहेत. सगळं तळमजल्याला असेल तर दहाव्या मजल्यावरही पुरानंतर कित्येक दिवस वीज नाही, लिफ्ट नाही, आणि टाकीत नदीचा गाळ. मीटर पॅनल उंच ओट्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असणारी इमारत दिसली तर बिल्डरला एक गुण जास्त द्या.

रेल्वेबद्दल थोडक्यात. सीएसएमटी 68 किलोमीटर, लोकलने दीड तासाच्या आसपास. बदलापूरहून सुटणारी गाडी म्हणजे बसायला जागा, हा समज सोडा. अंबरनाथचे लोक बदलापूरकडे येणाऱ्या गाडीत आधीच बसून रिटर्न येतात, गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या भरलेल्या असतात. कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाडीत तर सकाळी पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, चिखलोली स्टेशन, कांजूरमार्गहून येणारी मेट्रो 14 ही नावं प्रत्येक सेल्स ऑफिसच्या भिंतीवर असतात. घराचा दर ठरवताना 'होणार' या सदरातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत शून्य धरायची. झालं तर फायदा. त्यापेक्षा स्टेशन ते इमारत हा पल्ला रात्री अकराला करून बघा: शेअर रिक्षा मिळते का, की पूर्ण भाडं देऊन न्यावी लागते. जाहिरातीतली 'दहा मिनिटं' रविवारी दुपारी मोटारीने मोजलेली असतात. दोन कमावती माणसं असली तर रिक्षाचा खर्च वर्षाकाठी मेंटेनन्सच्या बरोबरीने येतो.

कागदपत्रांत महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचं प्रकरण उघड झालं आणि त्या पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयापर्यंत जाऊन निघाले. तिथल्या घर घेणाऱ्यांकडे नोंदणीही होती आणि बँकेचं कर्जही. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात ती नोंद खरी आहे का ते विचारा. प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंतचं आहे तेही वाचा. सातव्यापर्यंतची परवानगी आणि विक्री बाराव्याची, हा प्रकार दुर्मीळ नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. 'ऑफर आजच संपते' हे ऐकू आल्यावर हा नियम आठवा.

पैशांत सगळ्यात महागात पडणारी गोष्ट पार्किंग आहे, तीही वेगळ्याच कारणाने. बांधकाम चालू असलेल्या घरावर, चटईक्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर जीएसटी 1 टक्का, त्यापुढे 5 टक्के. पण या 45 लाखांत पार्किंग, डेव्हलपमेंट चार्ज, वरच्या मजल्याचे जादा पैसे हे सगळं मोजलं जातं. घर 43 लाख आणि पार्किंग 3 लाख असं सांगितलं की एकूण 46, आणि जीएसटी 43,000 च्या जागी 2,30,000. दुचाकीवरच भागणार असेल तर पार्किंग घेऊच नका. घेतलंच तर त्याचा नंबर, लांबी, रुंदी, उंची करारनाम्याच्या परिशिष्टात हवी, नाहीतर खांबाआड अशी जागा मिळते की गाडी शिरते पण दार उघडत नाही. उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला विकता येतच नाही. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारा दाखला, ओसी) मिळालेल्या इमारतीतलं घर घेतलं तर जीएसटी नाही. फक्त बिल्डर तेवढाच दर वाढवून सांगतो का, ते पाहा. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, ती सेल्सवाला आपणहून सांगत नाही.

चटईक्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाही. टेप घेऊन स्वतः मोजा.

क्लब हाऊस, जिम, पोहण्याचा तलाव: तलाव चालवायला पाणी लागतं, आणि पाण्याचं वर आलंच आहे.

लिफ्टचा परवाना आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा, एवढं ताब्याच्या दिवशी तपासा. मेन स्विच पाडायला सांगा आणि आत उभे राहा. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा कोणाचे आजोबा आत अडकतात, त्यापेक्षा हे बरं.

ताबा पत्रावर 'सर्व काम समाधानकारक' असं छापील वाक्य असतं. त्याखाली हाताने दोषांची यादी लिहून सही करा: पोकळ वाजणाऱ्या टाईल्स (नाण्याने ठोकून), उलट उतार, अर्थिंग नसलेला सॉकेट, घासणारं दार. फोटो त्याच दिवशी ईमेलने पाठवा. ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, पण त्यासाठी तक्रार लेखी आणि तारखेसह असावी लागते. साईट इंजिनीअरला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला ओल्या भिंतीचा फोटो पुरत नाही, कारण वर्षभरात तो इंजिनीअर दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. गळतीची तक्रार जुलैतच टाका. ऑक्टोबरात भिंत सुकते, मग 'आता कुठे गळतंय?' असं विचारतात, आणि रंगाचा एक हात मारून पुढच्या जूनपर्यंत मोकळे होतात.