क्रेन आलीच नाही, 2,77,500 रुपये मात्र गेले

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात क्रेन आणि लिफ्टिंगची कामं घेणाऱ्या एका कंपनीची ब्रँच मी सांभाळतो. ज्यांना बाहेरून क्रेन भाड्याने घेताना मोबिलायझेशनचा, म्हणजे गाडी साइटवर आणायचा ॲडव्हान्स सोडावा लागतो, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. मला लुटणाऱ्याने ना ओटीपी मागितला, ना लिंक पाठवली. त्याने रीतसर कोटेशन पाठवलं.

रांजणगावला एका कारखान्यात प्रेसचा 14 टनांचा भाग छतावरचे पत्रे काढून आत उतरवायचा होता. शटडाउन फक्त शनिवार-रविवारचं. उशीर झाला तर दंड आमच्याच बिलातून कापला जाणार. आमची नेहमीची शंभर टनी क्रेन आदल्या साइटवर हायड्रॉलिकच्या बिघाडाने अडकली. ज्याच्या-त्याच्याकडे फोन करून झाले, कोणाकडेच गाडी रिकामी नव्हती. तेवढ्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘100 टन टेलिस्कोपिक, दहेजला (गुजरात) रिकामी, ताबडतोब उपलब्ध’ असा मेसेज आला.

कागद मी पाहिले नाहीत असं कोणी म्हणू नये. आरसी, विमा, ऑपरेटरचं लायसन, सक्षम व्यक्तीचा तपासणी दाखला, सगळं मागवलं. लिफ्टिंग मशीनची ठरावीक मुदतीने तपासणी लागते, त्या दाखल्याची तारीख मी स्वतः वाचली. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, चालू निघाला. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला, तोही खरा. मालकाचं नाव तिथे पूर्ण दिसतच नाही, अर्धी अक्षरं तारांकित असतात. नंतर कळलं की कागद एका खऱ्या क्रेनमालकाचे होते. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. म्हणून सांगतो, जीएसटी पोर्टलवरच्या पत्त्यावर आपला ओळखीचा माणूस पाठवा. कोटेशनवरचा मोबाइल नंबर सोडून, त्या कंपनीचा दुसरीकडून मिळवलेला नंबर लावा.

पण जिथे मला थांबायला हवं होतं ती जागा कागदात नव्हती, बोलण्यात होती. मी म्हटलं, “14 टन आहे, रेडियस 16 मीटर, लोड चार्ट पाठवा.” रेडियस म्हणजे क्रेनच्या मध्यापासून लोडपर्यंतचं आडवं अंतर, लोड चार्ट म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्याचा तक्ता. तो म्हणाला, “साहेब, शंभर टनाची गाडी आहे, चौदा टन काय, सहज उचलेल.” हे वाक्य रात्री अजून कानात वाजतं. क्रेनच्या धंद्यातला साधा रिगरसुद्धा (लोड बांधणारा कामगार) असं बोलत नाही. शंभर टन ही क्षमता बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आखडून, अगदी तीन मीटरच्या आसपास. 16 मीटरवर तीच गाडी पूर्ण काउंटरवेट (मागे लावायची तोलाची वजनं) लावूनही विशीच्या घरात येते. खरा क्रेनवाला आधी विचारतो: बूम किती काढायची, जमीन कशी आहे, आउटरिगर (गाडीला आधार देणारे बाजूचे पाय) पूर्ण उघडायला जागा आहे का, वरून वायर जाते का. याने यातलं एकही विचारलं नाही. मला वाटलं, हा मालक असेल, टेक्निकल बाजू ऑपरेटर बघत असेल. असे मालक या लाइनमध्ये ढिगाने आहेत आणि माझ्या डोक्यावर शनिवार होता.

1,85,000 रुपये ॲडव्हान्स गेला. मग काउंटरवेटच्या दोन ट्रेलरचे 64,000. शुक्रवारी रात्री ‘बॉर्डरला ओव्हरलोडचा दंड भरायचाय, नाहीतर गाडी सोडत नाहीत’ म्हणून आणखी 28,500. एकूण 2,77,500. त्यानंतर फोन बंद.

आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव दाखवायची सोय 1 एप्रिल 2025 पासून बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. मला नाव दिसलं, कोणा बाईचं. विचारलं तर उत्तर तयार: “मिसेसचं खातं आहे, कंपनीचं सीसी (कॅश क्रेडिट, कर्जाचं खातं) आहे, त्यात आले की बँक वळते करून घेते.” या धंद्यातल्या कोणालाही पटेल असंच उत्तर आहे ते. पटवून घेऊ नका. बिल ज्या नावाचं, खातं त्याच नावाचं, नाहीतर व्यवहार नाही.

आता तक्रारीचं ऐका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, नोंद झाली, एवढं एक काम वेळेत झालं. त्यामुळे कुठल्याशा तिसऱ्या खात्यात 31,200 रुपये अडकवून ठेवलेत. ते दिसतात, मिळत नाहीत. कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा धंद्यातला व्यवहार, दिवाणी वाद, वकील गाठा. दिवाणी? क्रेनच अस्तित्वात नाही, कागद चोरलेले, तर वाद कोणाशी घालायचा? मग म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत, ठाण्यातच जा. एकाने तर पैसे गुजरातेत गेले तर तिकडेच तक्रार करा असं ऐकवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. मी ती प्रिंट टेबलावर ठेवली, तर साहेबांनी ती न वाचता माझ्याकडे सरकवली. बँकेने माझ्या अर्जावर शिक्का मारून पोच दिली, पुढे काही नाही. हेड ऑफिसला मात्र माझ्याकडून लेखी खुलासा ताबडतोब हवा होता. ब्रँच मॅनेजरने शटडाउनही सांभाळायचं, दंडही टाळायचा आणि चोरही ओळखायचा.

तक्रारीला जाताना चॅट नुसते स्क्रीनशॉट काढून नेऊ नका, पूर्ण एक्सपोर्ट करून न्या, यूटीआर नंबर (बँक प्रत्येक ट्रान्सफरला देते तो) वेगळ्या कागदावर लिहून न्या. क्रेन घ्यायच्या आधी लाइव्ह व्हिडिओ कॉलवर बूम उघडून दाखवायला लावा. ‘यार्डात नेटवर्क नाही’ म्हणाला की फोन ठेवा.

तोच मेसेज आता दुसऱ्या नंबरवरून नाशिककडच्या ग्रुपवर फिरतोय. फोटो तेच: पिवळी क्रेन, बूमच्या दुसऱ्या सेक्शनवर घासल्याचा लांब पांढरा पट्टा, मागे निळ्या पत्र्याची शेड. हा फोटो आला तर एक रुपयाही सोडू नका, आणि ग्रुपच्या ॲडमिनला लगेच कळवा.