नागपुरातलं नवं स्वयंपाकघर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

शटरचा, म्हणजे खणांच्या दारांचा, रंग ठरवताना सगळं घर चर्चेला बसतं, पण सिंकखाली कोणता प्लाय जाणार हे सुतार ठरवतो. दोन्ही ऋतू वापरून झाल्यावर सांगतो, हात सैल सोडायचा असेल तर आधी त्या खणासाठी सोडा.

खालच्या खणांना १८ मिमीचा आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लाय लावलाय. याच्या थरांची चिकटवण ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावी लागते, म्हणून ओल लागली तरी सहसा पापुद्रे सुटत नाहीत. लकडगंजात, नागपूरच्या लाकूडबाजारात, भाव काढताना दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ है'वर जाऊ नका. प्रत्येक शीटवरचा आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वरचा आयएस ७१० हा आकडा वाचा. एवढं करूनही प्लाय कापलेल्या कडेतून पाणी पितोच. सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, बिजागरीची वाटी बसते तो खळगा, भिंतीकडची कड, इथे ओटा बसण्याआधीच सीलरचे दोन हात मारून घ्या. नंतर तिथे ब्रशच काय, बोटही पोचत नाही.

टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड सिंकखाली ठेवायची आपल्याकडे सवयच आहे. झाकण घट्ट लावलं तरी वाफ सुटते आणि त्या खणातल्या बिजागऱ्या, चॅनेल सगळ्यात आधी गंजतात. चांगल्या प्रतीच्या ३०४ स्टेनलेस स्टीलवरसुद्धा तांबूस ठिपके येतात. बाटली बाथरूममध्येच ठेवा. आणि ट्रॉली विकताना चुंबक लावून 'चिकटत नाही, म्हणजे ३०४' असं दाखवतात, त्याला भुलू नका. स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक धड चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या.

ओट्याला काळा ग्रॅनाइट. घेताना पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासून पाहा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. पुढच्या कडेखाली मिस्त्रीकडून बारीक खाच मारून घ्या, काठापासून साधारण अर्धा इंच आत. ही खाच नसली की ओट्यावरून ओघळलेलं पाणी दगडाच्या पोटाला धरून मागे जातं आणि थेट शटरच्या वरच्या कडेत मुरतं. शटर तिथूनच फुगतं, आणि दोष मात्र लॅमिनेटवर येतो! बोअरचं पाणी असेल तर नळाभोवती पांढरे चट्टे दिसणारच; रोज रात्री कोरडं फडकं फिरवणं, यापलीकडे उपाय नाही.

पांढरा क्वार्ट्झ दिसतो देखणा. पण ज्या घरात सावजी मसाला भाजला जातो आणि रश्शावर तर्री येते, तिथे तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात रेझिन, म्हणजे दगडाची पूड बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, असतं. हळद-तेलाचा डाग रात्रभर राहिला तर निघता निघत नाही आणि गॅसवरून उतरवलेला गंज (पातेलं) थेट ठेवला तर पिवळा गोल कायमचा.

शटरला १ मिमी मॅट लॅमिनेट बाहेरून, आतूनही लॅमिनेटच. आतली बाजू नुसती पॉलिश केली की दोन्हीकडे ओल सारखी शोषली जात नाही आणि शटर वाकतं. चार फुटांपेक्षा उंच शटर तर हमखास. आपल्याकडे भर पडते कुलरची: मे महिन्यात बाहेर ४५ अंशांची कोरडी झळ आणि आत तासन्‌तास दमट वारा. दोन शटरमध्ये ३ मिमी फट ठेवायला सांगा; त्याहून कमी ठेवली तर जुलैत कडा घासतात.

ओट्याची उंची ३४ इंच, पण हे सरसकट नाही. उभं राहून कोपर वाकवा, तिथून पाचेक इंच खाली ओटा आला की पोळ्या लाटताना खांदे भरून येत नाहीत.

चिमणीबद्दल एवढंच, की पाइप ६ इंची ठेवा आणि वळणं दोनाच्या वर नकोत. कुलरचा झोत शेगडीवर आडवा येत असेल तर महागडी चिमणीही फोडणीचा धूर पकडत नाही. कुलरची खिडकी ठरवूनच शेगडीची जागा पक्की करा.