रेगर की जेफरसन: ईगल्सची २०२० मधील निवड

२०२० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, फिलाडेल्फिया ईगल्सने एकविसाव्या क्रमांकावर जेलन रेगर या रिसीव्हरची (फेकलेला चेंडू झेलून पुढे नेणाऱ्या खेळाडूची) निवड केली आणि लगेच पुढच्याच क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने जस्टिन जेफरसन या दुसऱ्या रिसीव्हरला घेतले. रेगरचा वेग लांब पल्ल्याच्या फेकींसाठी उपयोगी पडेल, अशी ईगल्सची धारणा होती. जेफरसनकडे मात्र अचूक धावमार्ग आणि भरवशाचे हात होते, आणि माझ्या मते रिसीव्हरसाठी हेच गुण अधिक टिकाऊ असतात. पहिल्याच हंगामात जेफरसनने ८८ झेलांत १,४०० यार्ड मिळवले, तर रेगरच्या नावावर ३१ झेल आणि ३९६ यार्ड एवढेच जमा झाले. अंगठ्याच्या दुखापतीमुळे रेगर काही सामन्यांना मुकला, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. त्या हंगामात केवळ चार सामने जिंकलेल्या ईगल्सच्या चाहत्यांचा संताप मला पूर्णपणे पटतो, परंतु त्याचा रोख त्या तरुण खेळाडूपेक्षा निवडकर्त्यांकडे असायला हवा होता, कारण आदल्याच वर्षी त्यांनी डीके मेटकाफ हा रिसीव्हर उपलब्ध असताना जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड या रिसीव्हरला पसंती दिली होती.