स्वस्त टॅब्लेट आणि कमी विजेचे प्रोसेसर : बरेच महिने वापरल्यानंतर

स्वस्त टॅब्लेटच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत ‘ऑक्टा-कोअर’ (म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ गाभे) छापलेलं असतं, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीनं त्या खोक्यावरची सगळ्यात बिनकामाची माहिती तीच. ते आठ कोअर कोणते, त्यांतले मोठे किती, हे शोधायला मात्र खोदकाम करावं लागतं. गेले बरेच महिने मी या वर्गातले चार टॅब्लेट आलटूनपालटून वापरतोय. त्यातले दोन घरातल्यांचे आहेत, पण काही अडलं की माझ्याकडेच येतात, त्यामुळे त्यांचीही चांगलीच ओळख झाली आहे. टॅब्लेट कोणी बनवले ते लिहीत नाही. तीच चिप दहा वेगवेगळ्या नावांच्या टॅब्लेटमध्ये सापडते आणि रोजचा अनुभव बराचसा चिप आणि स्टोरेज मिळून ठरवतात.

पहिल्यात आर्म कंपनीच्या रचनेचे चार छोटे कॉर्टेक्स-ए५३ कोअर आहेत. दुसऱ्यात दोन मोठे ए७५ आणि सहा छोटे ए५५. युनिसॉकच्या टी६०६, टी६१६ या चिप याच रचनेच्या. तिसऱ्यात मीडियाटेकची हेलिओ जी९९. चौथा विंडोजवाला, त्यात इंटेलचा एन१००. पहिल्याची किंमत एक धरली तर दुसरा साधारण दीडपट, तिसरा दुपटीच्या अलीकडेपलीकडे आणि चौथा तिपटीच्या पुढे. माझं काम म्हणजे वाचन, स्कॅन केलेली पुस्तकं, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, थोडंफार लेखन आणि ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेल्या नको तितक्या टॅब. गेम जवळजवळ नाहीत.

चार ए५३ वाल्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. व्हिडिओ लावून द्यायला ठीक. पण मराठी टाइप करताना अक्षर उमटायला आणि वर शब्द सुचवायला इतका वेळ लागतो की आपण पुढचा शब्द दाबून मोकळे झालेलो असतो. आर्मनं ही कोअर-रचना २०१२ मध्ये जाहीर केली होती. तिचं वय हा खरा दोष नाही, जात हा दोष आहे. ए५३ आणि त्यानंतर २०१७ मध्ये आलेला ए५५ हे दोन्ही सूचना ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं पार पाडतात. एका सूचनेला लागणारी माहिती मेमरीतून यायला उशीर झाला, की मागच्या सगळ्या खोळंबतात; अरुंद बोळात पुढची गाडी बंद पडावी तसं. ए७५, ए७६ हे मोठे कोअर असं थांबून राहत नाहीत. मागच्यांपैकी जी सूचना तयार असेल ती आधी उरकून घेतात. त्यासाठी चिपवर जास्त जागा लागते, वीजही जास्त लागते, म्हणून स्वस्त चिपमध्ये ते दोनच असतात किंवा नसतातच.

आता आठ छोटे कोअर मिळून दोन मोठ्यांचं काम का करू शकत नाहीत? कारण कामच तसं नसतं. वेबपेज उघडताना त्यातली बरीचशी जावास्क्रिप्ट (पानातला चालणारा कोड) एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर, म्हणजे एकामागोमाग चालणाऱ्या सूचनांच्या एकाच साखळीत) चालते. अ‍ॅपचा पडदा रंगवणं, बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणं हेही मुख्यतः एकाच धाग्यावर. तो धागा ज्या कोअरवर बसला तो कोअर जितका चपळ, तितका टॅब्लेट चपळ. बाकीचे सात तोवर आरामात असतात. म्हणूनच बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे बघायचेच असतील तर एकूण बेरीज सोडून सिंगल-कोअरचा (एकट्या कोअरचा) आकडा बघावा. गीकबेंच ६ या चाचणीत माझा जी९९ सिंगल-कोअरला सातशेच्या आसपास राहतो आणि ए७५ वाला जेमतेम त्याच्या निम्म्यावर. त्याच चाचणीत इंटेलच्या कोअर आय७-१२७०० या डेस्कटॉप प्रोसेसरचा आकडा २५०० हा पाया धरलेला आहे, म्हणजे आपण कुठल्या गल्लीत आहोत ते कळावं.

दुसरा टॅब्लेट, दोन ए७५ वाला, हा या सगळ्यात फसवा. पहिले काही आठवडे तो छान वाटतो. अ‍ॅप उघडतात, व्हिडिओ चालतात, कोणी विचारलं तर ‘चांगला आहे की!’ म्हणावंसं वाटतं. त्रास सुरू होतो तो दोन कामं एकत्र आली की. मागे अ‍ॅपचे अपडेट चालू आणि पुढे तुम्ही पान सरकवताय, किंवा व्हिडिओ कॉल चालू असताना एखादी पीडीएफ उघडायची आहे. तेव्हा पडदा क्षणभर गोठतो, मग तीन-चार टॅप एकदम लागू होतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. हा त्रास मोठा नाही, पण दिवसातून अनेकदा होतो, आणि संतापाच्या बाबतीत एकदाच होणाऱ्या मोठ्या त्रासापेक्षा हाच वरचढ ठरतो.

या वर्गात आणखी एक खोड आहे, पडद्याची. चिप तीच ठेवून वर ‘टू-के’ (जास्त पिक्सेलचा) आणि ‘९० हर्ट्झ’चा (सेकंदाला ९० चित्रं दाखवणारा) पडदा बसवला की किंमत चढवता येते. हिशोब करून बघा. १२८० बाय ८०० च्या पडद्यावर सव्वादहा लाख पिक्सेल असतात, २००० बाय १२०० वर चोवीस लाख. म्हणजे ग्राफिक्सवरचं ओझं दुपटीहून जास्त. वर ६० हर्ट्झला एक चित्र तयार करायला जवळपास १६.७ मिलिसेकंद मिळतात, ९० हर्ट्झला ११.१. टी६०६ मध्ये माली-जी५७ चा एकच ग्राफिक्स कोअर आहे, जी९९ मध्ये तसे दोन. ज्या चिपला १६ मिलिसेकंदांतही कधीकधी चित्र पूर्ण करता येत नाही, तिच्याकडून ११ मध्ये मागायचं म्हणजे सरकवताना झटके येणारच. माझ्या टॅब्लेटमध्ये पडदा ६० वर बांधून टाकला, तेव्हा तो उलट जास्त गुळगुळीत वाटायला लागला, कारण झटके कमी झाले.

जी९९ बद्दल मात्र मनापासून लिहावंसं वाटतं. २०२२ मधली चिप, दोन ए७६ आणि सहा ए५५, टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ६ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली (हा आकडा जितका लहान, तितकी बांधणी बारीक). गंमत अशी की तिच्याआधीच्या जी९६ मध्येही दोन ए७६ आणि सहा ए५५ होते, ग्राफिक्सही त्याच घराण्यातलं. फक्त प्रक्रिया १२ नॅनोमीटरची होती आणि घड्याळगती (क्लॉक स्पीड) थोडी कमी. कागदावर फरक किरकोळ, पंखा नसलेल्या पातळ टॅब्लेटमध्ये मात्र मोलाचा. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि गती वाढवायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो, आणि त्याचा भुर्दंड उष्णतेच्या रूपात येतो. बारीक प्रक्रियेवर तेवढ्याच कामाला कमी व्होल्टेज पुरतं. तासभर व्हिडिओ कॉल केल्यावर जी९९ ची पाठ कोमट होते, हाताला चटका बसत नाही, आणि कॉल संपवून ब्राउझर उघडला तर तो पहिल्यासारखाच पळतो. महिन्यांमागून महिने गेल्यावरही हे बदललेलं नाही. स्कॅन केलेल्या पुस्तकाची जड पीडीएफ ही माझी खरी परीक्षा. प्रत्येक पान म्हणजे एक अख्खं चित्र. ए७५ वर पान उलटलं की आधी धूसर दिसतं, मग अक्षरं वर येतात. जी९९ वर ती वाट बघणं जवळपास संपलंय.

बॅटरीबद्दल मात्र एक अपेक्षा आधीच खाली उतरवून ठेवा. ‘कमी विजेचा प्रोसेसर’ म्हणजे बॅटरी दुप्पट चालेल असं होत नाही. व्हिडिओ बघताना प्रोसेसरचे कोअर बहुतांश वेळ झोपलेले असतात, डीकोडिंग (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणं) वेगळ्या सर्किटमध्ये होतं, आणि वीज खातो तो मुख्यतः पडद्यामागचा दिवा. म्हणून नुसते व्हिडिओ बघणाऱ्याला ए७५ आणि जी९९ यांच्या बॅटरीत फारसा फरक जाणवणार नाही. फरक दिसतो तो ब्राउझरमध्ये आणि कॉलमध्ये, कारण तिथे चपळ कोअर काम झटपट उरकून परत झोपी जातो.

व्हिडिओच्या बाबतीत जी९९ ची एक उणीव आहेच. व्हिडिओ दाबून साठवण्याचे एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे प्रकार ती हार्डवेअरवर उलगडते, एव्ही१ नाही. एव्ही१ मधला व्हिडिओ आला की तो सॉफ्टवेअरनं, म्हणजे कोअर राबवून, उलगडावा लागतो. चालतो, पण बॅटरी चटकन उतरते. एखादं अ‍ॅप प्रकार निवडू देत असेल तर व्हीपी९ निवडावा. आणि ज्याचा चिपशी काही संबंध नसतो, तरी ज्यासाठी चिपलाच शिव्या बसतात, ते म्हणजे वाइडव्हाइन, चित्रपटांची नक्कल रोखणारी गूगलची कुलूपयंत्रणा. टॅब्लेट बनवणाऱ्यानं तिचं सगळ्यात वरचं एल१ प्रमाणपत्र घेतलेलं नसेल तर पैसे भरून बघायचे चित्रपट पडदा कितीही टोकदार असला तरी साधारण ४८० ओळींतच दिसतात. हे घेण्याआधी तपासायचं, नंतर काहीच करता येत नाही.

प्रोसेसरवर इतकं लिहिलं, पण महिने उलटले तसा मला जाणवलेला दुसरा मोठा मुद्दा स्टोरेजचा आहे. नवा टॅब्लेट नेहमीच वेगवान असतो, कारण तो रिकामा असतो. या टॅब्लेटमध्ये स्टोरेज दोन प्रकारचं असतं. त्यातली स्वस्त ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकाच वेळी करू शकते. ईएमएमसी निम्म्याच्या वर भरली आणि मागे दोन-तीन अपडेट उतरायला लागले, की लिहिण्याच्या रांगेत तुमचं वाचणं अडकतं, आणि प्रोसेसर कितीही चांगला असला तरी नुसता बसून राहतो. लोक म्हणतात ‘टॅब्लेट जुना झाला’; पुष्कळदा तो भरलेला असतो. माझ्या दुसऱ्या टॅब्लेटमधले व्हिडिओ आणि न वापरलेली अ‍ॅप काढून बरीच जागा मोकळी केली, अपडेट रात्री चार्जिंगला लावल्यावरच होतील असं ठरवून दिलं, तेव्हा तो पुन्हा सहन होण्याजोगा झाला. चिप यूएफएस २.२ चालवू शकते म्हणून टॅब्लेटमध्ये ते बसवलेलं असेलच असं समजू नका. तीच चिप आणि आत ईएमएमसी, असं जोडकाम करून किंमत खाली आणता येते.

याच्याच पोटात ‘८+८ जीबी रॅम’ नावाचा प्रकार येतो. दुसरे आठ म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा, रॅम म्हणून वापरायला दिलेला. खऱ्या रॅमच्या मानानं तो खूपच संथ, आणि स्टोरेज ईएमएमसी असेल तर मदतीपेक्षा अडथळाच जास्त. मी ते बंद ठेवतो. खरी रॅम ४ जीबी असेल तर आज ब्राउझर आणि एक अ‍ॅप यांच्यातच मारामारी होते. ६ ला जमतं. ८ असेल तर या चिपसाठी पुरून उरतं.

एन१०० वाला टॅब्लेट वेगळ्याच जगातला. जानेवारी २०२३ मध्ये आलेला हा प्रोसेसर. चार ग्रेसमाँट कोअर (इंटेलचे छोटे), मोठा कोअर एकही नाही, कागदावर ६ वॉट, गती ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत. नाव ‘छोटे कोअर’ असलं तरी हे आर्मच्या ए५५ सारखे नाहीत. सूचना पुढेमागे करून उरकणारे आहेत आणि इंटेलच्याच स्कायलेक (२०१५) काळातल्या मोठ्या कोअरच्या जवळपास काम देतात. २०१४ च्या सुमाराचे इंटेलच्या अ‍ॅटम झेड३७३५एफ वाले, २ जीबी रॅमवर विंडोज कण्हतकुंथत चालवणारे टॅब्लेट ज्यांनी वापरलेत त्यांना हा चमत्कार वाटेल. स्प्रेडशीट, डेस्कटॉपचा पूर्ण ब्राउझर, एव्ही१ व्हिडिओ हार्डवेअरवर, सगळं होतं.

पण टॅब्लेट म्हणून तो मला पटला नाही. ६ वॉट हा पायाभूत आकडा. क्षणभराच्या धावेत तो त्याच्या कितीतरी वर जातो, आणि पंखा नसेल तर बनवणारा ही मर्यादा आवळून ठेवतो. एकच एन१०० पंख्याच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये आणि पातळ टॅब्लेटमध्ये दोन वेगळ्या प्रोसेसरांसारखा वागतो, आणि मिळतो तो चाचणीचा आकडा सगळीकडे डेस्कटॉपचाच. शिवाय मेमरीची वाहिनी एकच. यापेक्षाही खटकलं ते झोपेतलं वागणं. जी९९ झाकून ठेवून दोन दिवसांनी उघडला तरी बॅटरी जवळपास तिथेच असते. हा रात्रभरात बरीच संपवून बसतो. कीबोर्ड जोडून टेबलावर वापरायचा असेल तरच त्याच्या तिप्पट किमतीला अर्थ आहे.

तर किमतीचा हिशोब माझ्या मते असा बसतो. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना टाकलेला पैसा व्हिडिओ बघण्यापुरता वसूल होतो, बाकी कामांत अर्धवट. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना टाकलेला पैसा सगळ्यात जास्त परत देतो, कारण मोठ्या कोअरची पिढी, ग्राफिक्स, प्रक्रिया आणि बहुतेकदा स्टोरेज, चारही गोष्टी एकदम सुधारतात. ज्या लहान मुलाला किंवा वयस्कर माणसाला फक्त व्हिडिओ आणि कॉल हवेत, त्यांच्यासाठी दोन ए७५ वाला १२८० बाय ८०० च्या पडद्याचा घ्यावा, टू-केचा नाही. २०२४ मध्ये आलेल्या हेलिओ जी१०० च्या नावाला भुलून जी९९ वर जास्त पैसे टाकू नयेत; आत तेच दोन ए७६ आणि तेच सहा ए५५ आहेत, रोजच्या वापरात ओळखू येणार नाही. तो फरक वाचला तर ६ ऐवजी ८ जीबी खरी रॅम घ्या, किंवा यूएफएस आहे याची खात्री असलेला टॅब्लेट निवडा.